तिसऱ्या खोक्यातला बर्फ

१

पाचूबंदरच्या शेडचं दार सकाळी सात वाजता उघडलं, आणि आत काय झालंय ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. चुरा बर्फ करणाऱ्या यंत्रावर लाल दिवा पेटला होता. यंत्रापुढे थर्माकोलची तीन खोकी एकावर एक रचलेली होती. त्यातल्या सगळ्यात वरच्या खोक्याचं झाकण बायजाने उचललं आणि ती दोन पावलं मागे सरली. आदल्या रात्री बर्फात घातलेली वीस पापलेटं कोमट पाण्यात पडली होती. कल्ले तपकिरी झाले होते आणि डोळे आत गेले होते.

बायजा ही मासेविक्रेत्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष. बंदरावर स्वतःचं बर्फाचं यंत्र असावं म्हणून तीन वर्षं तिने सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता कुठे योजनेत नाव लागलं होतं. कोणतं यंत्र हवं ते लिहून आज संध्याकाळी पाचच्या आत पत्र द्यायचं होतं, नाहीतर मंजुरी रद्द. बायजाला चुऱ्याचं यंत्र हवं होतं. मंडळाची सेक्रेटरी प्रिस्का हिला चौकोनी तुकडे पाडणारं क्यूबचं यंत्र हवं होतं, कारण उरलेला बर्फ किनाऱ्यावरच्या रिसॉर्टना विकता आला असता. भांडण मिटावं म्हणून दोन्ही यंत्रं आठ दिवसांसाठी मागवून शेजारी शेजारी लावली होती. काल शेवटची परीक्षा होती, आणि बायजाचं यंत्र तिच्या डोळ्यांदेखत नापास झालं होतं.

शेड गॉडफ्रेची होती. हा गॉडफ्रे वीस वर्षं टेम्पोतून बर्फाच्या लाद्या आणून बंदरावर विकत आलेला. बंदरावर यंत्र बसलं तर त्याच्या लाद्या कोण घेणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. गर्दीतून पुढे येऊन तो खोक्यात वाकून बघत होता, तेवढ्यात बायजा सगळ्यांसमोर बोलली, "गॉडफ्रे, ह्ये तुजंच काम हाय."

गॉडफ्रेने सावकाश पाठ सरळ केली. यंत्र त्याच्या शेडमध्ये बसणार होतं, त्यामुळे पत्रावर त्याचीही सही लागणार होती. खिशातला संमतीचा कागद काढून त्याने तो कोराच खोक्यावर ठेवला. "मंग सही पन दुसऱ्याकडना घे, बाय," एवढंच म्हणून तो निघून गेला.

आता यंत्रही गेलं आणि शेडही. बायजाने राहिलेल्या खोक्यांना कुणी हात लावायचा नाही असं बजावलं, दारात बसकण मारली आणि आचोळ्याला फोन लावला.

२

आचोळ्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर विनया तेंडोलकर चहात बिस्किट बुडवत होत्या. मुंबईत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नसावं. तीन महिन्यांपूर्वी याच बायकांना यंत्र निवडायला मदत हवी होती, तेव्हा विनयाताईंनी किंमत विचारायच्या आधी दहा प्रश्न विचारले होते. गार काय करायचंय, सरबत की मासे? पाणी गोडं की मचूळ? शेडमध्ये वारा खेळतो का? रोज इतके किलो बर्फ, हा कागदावरचा आकडा थंड हवेतला असतो, तेव्हा आपल्या मे महिन्यात त्यातला चौथा हिस्सा डोळे मिटून वजा करा, हेही त्यांनीच सांगितलं होतं. चुऱ्याच्या यंत्राचा सल्लाही त्यांचाच. चुरा माशाला दुलईसारखा लपेटतो आणि क्यूबचे कोपरे पापलेटाच्या अंगावर वळ उठवतात, एवढं साधं कारण होतं.

त्यामुळे फोन ऐकून त्यांना आधी राग आला तो स्वतःचाच. आपलं चुकलं असेल तर तसं तोंडाने कबूल करायचं, पण तपासल्याशिवाय नाही, असं ठरवून त्या रिक्षात बसल्या.

शेडमध्ये येताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती सकाळपासून कुणालाच सुचली नव्हती. वरचं कुजकं खोकं बाजूला सारून त्यांनी खालची दोन्ही खोकी उघडायला लावली. परीक्षेचा नियम सोपा होता. जशा बोटी येतील तशी खोकी भरायची. पहिलं खोकं सहाला, दुसरं साडेसातला, तिसरं नऊला. दोन्ही यंत्रांची खोकी वेगळी, आणि प्रत्येक वेळी त्या त्या यंत्राच्या हौदातला सगळा बर्फ उपसून वापरायचा.

पहिल्या खोक्यात बर्फ अजून कोरडा होता आणि पापलेटाचे कल्ले लालभडक होते. दुसऱ्यातही तसंच. बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"यंत्र निकामी असतं तर तिन्ही खोकी गेली असती," विनयाताई म्हणाल्या. "साडेसातपर्यंत ते झकास चाललं होतं."

मग त्या चुऱ्याच्या यंत्राच्या हौदात वाकल्या. तळाशी पाणचट बर्फाची ओंजळभर राड उरली होती. बोटाच्या टोकावर थोडी घेऊन त्यांनी जिभेवर ठेवली, थुंकल्या आणि पदराला बोट पुसलं. बत्तीस वर्षं पाण्याची चव घेतलेली जीभ ती, तिला यंत्रं लागत नव्हती. क्यूबच्या हौदातला एक तुकडाही त्यांनी चाखला. तो गोडा होता. दोन्ही यंत्रांना पाणी मात्र छपरावरच्या एकाच टाकीतून येत होतं.

काय लागलं, असं बायजाने विचारलं. विनयाताईंनी उलट विचारलं, शेडच्या किल्ल्या कुणाकडे असतात?

३

शेडला तीन किल्ल्या होत्या. एक बायजाकडे, एक गॉडफ्रेकडे आणि एक प्रिस्काकडे. विनयाताईंनी बाहेर जाळ्यांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकली आणि एकेकाला बोलावलं. त्यांची विचारायची रीत अशी की माणसाला वाटावं, आपण शेजारणीशी गप्पा मारतोय.

प्रत्येकाने रात्रीचा हिशेब तोंडपाठ आणला होता. प्रिस्का रात्रभर तापलेल्या मुलीच्या उशाशी होती. गॉडफ्रे दहाला झोपला, हवं तर बायकोला विचारा. क्यूबच्या यंत्राचा विक्रेता जितेश विरारला मित्राच्या हळदीत नाचत होता आणि त्याचे व्हिडिओसुद्धा त्याच्याकडे तयार होते. विनयाताईंनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि मग साडेसात ते नऊबद्दल विचारलं. त्या दीड तासाची तयारी कुणीच केली नव्हती.

प्रिस्काने आठला शेड उघडली होती, जितेशला त्याच्या यंत्राची जाळी धुवायची होती म्हणून. दहा मिनिटांत दोघं बाहेर पडले. नऊचं खोकं भरताना चुऱ्याचा बर्फ ओला लागला, हेही तिनेच सांगितलं. "मी बायला बोलले, हा बर्फ पचपचीत आहे. ती बोलली, चुरा असाच असतो, तू तुझ्या तुकड्यांचं बघ."

जितेशने हात वर केले. "मॅडम, खरं बोलू? माझा माल हॉटेलवाल्यांसाठी आहे. मासेवाल्यांनी घेतला तर उद्या कम्प्लेंट माझ्याच डोक्यावर. मला तर हे गिऱ्हाईक नकोच होतं, साहेबांनी पाठवलं." विक्रेता स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलतो म्हणजे त्याला खरंच घाम फुटलेला असणार, अशी विनयाताईंनी मनात नोंद केली.

गॉडफ्रे आला तो ताठ मानेने. पावणेआठला तो मीटरजवळचा दिवा लावायला आला होता आणि एकटाच होता. हे त्याने आपणहून सांगितलं.

"तेव्हा शेडमध्ये कुणी दिसलं?"

"दिसलं तरी सांगनार नाय," तो म्हणाला. "माज्यावर आळ आलाय म्हनून मी दुसऱ्यावर घालू काय?"

आणि तो उठून गेला. विनयाताई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. म्हणजे कुणीतरी दिसलं होतं.

४

दुपारी एकला सिद्धेश आला. चुऱ्याच्या यंत्राच्या कंपनीचा हा मेकॅनिक मोटारसायकलवरून उतरतानाच सांगू लागला की लाल दिवा म्हणजे यंत्र बिघडलं असं नव्हे. आतल्या गार ड्रमवर बर्फ नीट धरला नाही की यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं.

यंत्राच्या डोक्यावर पाण्याची एक लहान टाकी होती, बादलीएवढी. विनयाताईंनी त्याला झाकणाला हात लावू दिला नाही. आधी त्या स्टुलावर चढल्या आणि चष्मा पुसून बघत राहिल्या. यंत्र आलं त्या दिवशी बायजाने नारळ फोडून त्याची पूजा केली होती. होडीची करतात, जाळ्याची करतात, तर याची का नको? पुढच्या पत्र्यावरचं ते आठ दिवसांपूर्वीचं कुंकू दमटपणाने विटकरी झालं होतं. पण टाकीच्या झाकणावर एक टिळा होता तो ताजा, लालजर्द. अर्धा झाकणावर, अर्धा टाकीच्या अंगावर, मधल्या फटीवरून अखंड ओढलेला.

"हे झाकण तू शेवटचं कधी उघडलंस?"

"काल संध्याकाळी, सहाच्या थोडं आधी. ओल्या फडक्याने पुसूनपण घेतलं."

"आता उघड."

झाकण सरकलं आणि टिळ्याचे दोन तुकडे झाले. म्हणजे टिळा लागल्यापासून झाकण कुणी उघडलंच नव्हतं. विनयाताईंनी फोनवर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो घेतले. टाकीच्या तळाशी राखाडी गाळाचा पातळ थर होता. बोटाने उचलून त्यांनी तो उन्हात धरला. पुडीतल्या बारीक मिठात असा गाळ नसतो. हा मिठागराच्या जाड्या मिठाचा गाळ होता, आणि तसल्या मिठाची पोती बंदरावर सुकी मासळी करणाऱ्या प्रत्येक घरात होती.

गाळ बघून सिद्धेशचा चेहरा उतरला. त्याने खालच्या आवाजात सांगितलं की मीठ यात लागतंच. पाणी फार गोडं असलं की बर्फ ड्रमला चिकटून बसतो, म्हणून तो स्वतः रोज अर्धा चमचा टाकायचा. "पण हे अर्धा चमचा नाही, ताई. हे दोन-तीन मुठी आहे."

"तू मीठ टाकायचास तेव्हा शेजारी कोण असायचं?"

सिद्धेशने उत्तर दिलं, आणि विनयाताई स्टुलावरून उतरून तिथेच बसल्या. घात करणारा माणूस पोतं रिकामं करतो, दोन मुठींवर थांबत नाही. आणि घात करून झाल्यावर झाकण लावून वर कुंकू तर मुळीच लावत नाही.

५

बायजा अजून दारात बसून होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. विनयाताई तिच्याशेजारी जमिनीवरच टेकल्या आणि म्हणाल्या, मला यंत्रं कळतात, पण तुम्ही आजवर लादी कशी वापरत आलात ते सांग.

बायजाचे डोळे पहिल्यांदा उजळले. लादी फोडून खोक्यात कशी रचायची, कोपऱ्यात जागा कशी ठेवायची नाही, हे तिने हातांनी करून दाखवलं. "आनि वरना जाडं मीठ मारायचं. मीठ पडला का बर्फ चावतं, म्याडम. माजी आय तसंच करी. ज्याच्या बर्फात मीठ, त्याची मासली दोन दिस जास्त ऱ्हाते."

यात खोटं काहीच नव्हतं. बर्फावर मीठ टाकलं की तो जास्त गार होतो, हे विनयाताईंनीही प्रयोगशाळेत शेकडो वेळा केलं होतं. त्यांना भडभडून आलं. या बाईने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि शेवटच्या संध्याकाळी, यंत्राने बाजी मारावी म्हणून, आपल्याला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली गोष्ट त्याला दिली होती. वर देवाचं नाव घेऊन कुंकू लावलं होतं. आपल्या हातून काही वाईट झालंय हे तिच्या गावीही नव्हतं. परीक्षेत जराशी मदत केली एवढंच काय ते तिने लपवलं होतं.

इथे गप्प बसणं विनयाताईंना सोपं होतं. पाण्यात खार आला, कारण कळलं नाही, असा कागद त्या खरडून देऊ शकल्या असत्या. पण मग गॉडफ्रेवरचा डाग जन्मभर तसाच राहणार होता, आणि त्याच्या सहीवाचून यंत्रही येणार नव्हतं. खरं बोललं तर यंत्र येईल, पण बायजाची मान खाली जाईल. घड्याळात तीन वाजून गेले होते. विनयाताई पदर खोचून उठल्या. सगळ्यांना शेडमध्ये बोलवा आणि गॉडफ्रेला एक लादी घेऊन यायला सांगा, असा त्यांनी निरोप धाडला. येत नसेल तर मी स्वतः टेम्पोत बसून आणीन, असंही वर सांगायला लावलं.

६

गॉडफ्रे आला. लादी आणली, पण बायजाकडे त्याने पाहिलं नाही.

विनयाताईंनी लादी फोडायला लावली, घमेल्यात चुरा भरला आणि त्यावर जाडं मीठ पसरलं. बायजाने नकळत मान डोलावली. मग त्यांनी दोन लहान वाट्यांत एकाच कळशीतलं पाणी ओतलं. एका वाटीत त्यांनी काहीच घातलं नाही, दुसरीत मूठभर मीठ घालून ढवळलं. दोन्ही वाट्या घमेल्यातल्या बर्फात रुतवल्या आणि वर गोणपाट टाकलं.

"अर्धा तास कुणी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. मासेवाल्या बायकांना अर्धा तास गप्प बसवणं ही त्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट होती, पण तीही त्यांनी करून दाखवली.

चार वाजता गोणपाट निघालं. पहिली वाटी त्यांनी उलटी केली. पाणी पडलं नाही, ते दगडासारखं गोठलं होतं. दुसरी वाटी त्यांनी बायजाच्या हातात दिली.

बायजाने ती कलंडवली आणि पाणी तिच्या पायावर सांडलं. ते इतकं गार होतं की तिने पाय आखडून घेतला, पण पाणी ते पाणीच होतं.

"मीठ बर्फाच्या बाहेर असलं तर बर्फ चावतो. तू सांगितलंस ते अगदी खरं आहे," विनयाताई हलकेच म्हणाल्या. "पण तेच मीठ पाण्याच्या आत गेलं की पाणी गोठायचं विसरतं. नऊच्या खोक्यात बर्फ नव्हता. खारं पाणी होतं, थोडंसं घट्ट झालेलं."

त्यांनी फोन काढला नाही. टिळ्याचे फोटो त्यांच्या पिशवीतच राहिले. कुणाचं नावही त्यांनी घेतलं नाही. बायजा रिकाम्या वाटीकडे बघत उभी होती. मग तिने मान वर केली ती यंत्राच्या टाकीकडे, झाकणावरच्या तुटलेल्या टिळ्याकडे.

ती वळली आणि सरळ गॉडफ्रेपुढे जाऊन उभी राहिली.

"मीठ मी घातला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "पावनेआठाला घरी देवाला दिवा लावून मी हितं आलू. सिद्धेश रोज मीठ टाकायचा ते बघलं व्हतं. मना वाटला, जरा जास्त घातला तं माजा यंत्र जिंकंल. मीच त्याला मारला, आनि नाव तुजं घेतलं." मग ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू मना बघलंस ना रे? मीटरकडं उबा व्हतास."

"बघलं," गॉडफ्रे म्हणाला. "हातात कुंकवाचं ताट व्हतं. मना वाटलं, पूजा करतेस."

"मंग सकाळी बोललास का नाय?"

"पूजा करताना बघितलेल्या बाईचं नाव मी चावडीवर घेऊ?"

बायजाने हात जोडले. गॉडफ्रेने ते खाली केले. प्रिस्का डोळे पुसत पुढे आली, आणि पहिल्या खोक्यातली लालभडक कल्ल्यांची पापलेटं आणि क्यूबच्या खोक्यातली वळ उठलेली पापलेटं तिने स्वतःच शेजारी शेजारी मांडली. यावर मतदान घ्यायची गरज उरली नाही. रिसॉर्टचं नंतर बघू, आधी मासळी, असं म्हणून तिने पत्रात चुऱ्याचं यंत्र लिहिलं. गॉडफ्रेने सकाळचा संमतीचा कागद मागून घेतला आणि त्यावर सही केली. लाद्यांचा टेम्पो रिकामा उभा राहू नये म्हणून होळी आणि गास या गावांच्या बाजारात चुरा बर्फ पोचवायचं काम गॉडफ्रेला द्यायचं, ही सूचना बायजाने मांडली आणि सगळ्या बायकांनी हात वर केले.

जितेशने आपली मोटारसायकल काढली. पत्र घेऊन प्रिस्का मागे बसली आणि पाचाला दहा मिनिटं कमी असताना कचेरीत पोचली. तिचा फोन येईपर्यंत शेडमधून कुणी हललं नाही.

तिन्हीसांजेला सिद्धेशने टाकी धुऊन यंत्र पुन्हा सुरू केलं. पहिला चुरा हौदात पडू लागला तेव्हा विनयाताईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितला आणि समाधानाने मान डोलावली. बायजा स्टुलावर चढली, झाकणापाशी हात नेला आणि थबकली. आपण या यंत्राला पुन्हा शिवावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

गॉडफ्रेने सिद्धेशच्या पेटीतला लहान चमचा उचलला, सुतळीने यंत्राच्या कडीला बांधला आणि कुंकवाचं ताट तिच्या हातात दिलं.

"कुंकू तू लाव, बाय," तो म्हणाला. "मीठ मी घालतो."